मूठभर माती : 'अँटिगनी' मराठीत उभं करताना

आमच्या ग्रुपने 'अँटिगनी' हे जुनं ग्रीक नाटक दोनदा केलं. पहिल्यांदा 2011 साली, पांढऱ्या चादरी गुंडाळून आणि कापसाच्या दाढ्या लावून. क्रेऑन राजाचा पाय स्वतःच्याच चादरीत अडकला, मागच्या रांगेतून 'राजे, सांभाळून!' असा आवाज आला आणि पुढचा सगळा प्रयोग लोकांनी फार्स म्हणून पाहिला. अँटिगनीने फास लावून घेतल्याच्या बातमीलासुद्धा हशा. दुसऱ्यांदा 2022 साली, पँट-शर्टात आणि रोजच्या साड्यांत. या वेळी लोक 95 मिनिटं बसून राहिले. खोकले, पण दबकून. साल तसं होतं.

मधल्या अकरा वर्षांत जे उमगलं ते, ज्यांना असलं काही करायची खुमखुमी आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवते. मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. नाटक संध्याकाळी साडेसातनंतरचं. तालमीची जागा म्हणजे एका मैत्रिणीच्या बंद पडलेल्या तेलघाण्याची शेड. मला ग्रीक येत नाही. तेव्हा हे पंडिताचं लिखाण समजू नका, हौशी संस्था चालवणाऱ्या बाईचं समजा.

हातात नाटक कोणतं आहे ते बघा

आमच्या हाती आलेली पहिली झेरॉक्स भलत्याच नाटकाची निघाली. ग्रीक नाटककार सोफोक्लीझचं नाटक इ.स.पू. 441च्या सुमाराचं, अथेन्सचं. फ्रेंच नाटककार झाँ अनुईने त्याच गोष्टीवर स्वतःचं नाटक लिहिलं, ते फेब्रुवारी 1944मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये रंगमंचावर आलं. नाव दोन्हींचं एकच. ओळखायची खूण सोपी आहे: सुरुवातीलाच दाई भेटली तर ती प्रत अनुईची, शेवटाकडे आंधळा द्रष्टा टायरेसिअस भेटला तर सोफोक्लीझची. हे हक्कांसाठीही बघावं लागतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात आणि अनुई 1987 साली वारला. सोफोक्लीझला मानधन द्यावं लागत नाही, पण त्याच्या भाषांतरकाराला द्यावं लागू शकतं. आम्ही रिचर्ड जेब यांचं इंग्रजी गद्य भाषांतर पायाला घेतलं. ते 1905 साली वारले. भाषा जड आहे, पण माणसाने ओळ सोडलेली नाही.

संहिता पक्की झाली की रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र काढायचं. ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. कागदांचं एवढंच.

आणि एक. पुलंनी सोफोक्लीझचं 'राजा ओयदिपौस' मराठीत आणल्यामुळे आपल्याकडे अँटिगनीच्या बापाची गोष्ट बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. म्हणून सुरुवातीला दहा मिनिटं ती सांगून टाकायचा मोह होतो. नका सांगू. ही दोन नाटकं सोफोक्लीझनेही एकत्र लिहिलेली नाहीत. 'अँटिगनी' आधीचं आहे. दोन बहिणी पहाटेच्या अंधारात बोलायला बाहेर येतात, तिथून त्याने सुरू केलं. तिथूनच सुरू करा.

आधी हुकूम, मोबाइल नंतर

जुनं नाटक आजचं करायचं म्हणजे हातात मोबाइल द्यायचा, असं पुष्कळांना वाटतं. त्याआधीचा प्रश्न अवघड आहे.

गोष्ट अशी. दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या हातून मेले. एक शहर राखताना, दुसरा शहरावर चालून येताना. नवा राजा क्रेऑन दवंडी पिटतो: पहिल्याला मानाने पुरा, दुसऱ्याला कुत्र्या-गिधाडांसाठी टाकून द्या, त्याच्यासाठी कोणी रडायचंही नाही. बहीण अँटिगनी जाऊन प्रेतावर माती टाकते. पुढचं सगळं त्या एका मुठीतून निघतं. मराठीत तर त्या क्रियेला शब्दच आहे, मूठमाती. आमच्या संहितेच्या पहिल्या पानावर मी तेवढाच शब्द लिहिला होता.

आता प्रश्न असा की आजच्या महाराष्ट्रात प्रेत अडवण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

आमचा पहिला खर्डा साखर कारखान्याच्या निवडणुकीचा होता. दोन पॅनेल, दोन भाऊ, वर चेअरमन. संवाद झणझणीत उतरले. पण चेअरमन 'प्रेत उचलायचं नाही' म्हणाला की आमच्यातलाच एक पोरगा विचारायचा, 'आणि उचललं तर? करणार काय हा?' उत्तर नव्हतं. खर्डा बाद. मग बिलापायी प्रेत अडवून ठेवणारं हॉस्पिटल आलं. तिथे कोणी पैसे उभे केले की नाटक खलास. मग गावाने एका जातीला स्मशान नाकारण्याची गोष्ट. ती खरी आहे, आजही घडते, त्यावर नाटक व्हायलाच हवं. पण ते वेगळं नाटक. तिथे हुकूम काढणाऱ्याच्या बाजूने प्रेक्षक एक मिनिटसुद्धा उभा राहता कामा नये, आणि 'अँटिगनी'त तो उभा राहावा लागतो.

उत्तर 2020ने दिलं. प्लास्टिकमध्ये बांधलेली प्रेतं, लांबून दर्शन, खांदा नाही, दहावा नाही. तो नियम आपण सगळ्यांनी मानला. माझ्या सख्ख्या आत्याचं शेवटचं दर्शन मी फोनच्या पडद्यावर घेतलं आणि नियम करणाऱ्याला एक शिवी दिली नाही. उलट पलीकडच्या गल्लीत चोरून पंगत बसली, तेव्हा पोलिसांना फोन करणारी मीच होते.

तर आमचं रूपांतर असं झालं. एक लहान शहर, साथीचे दिवस. थोरला भाऊ रुग्णवाहिका चालवताना साथीने गेला. धाकट्याने नाकाबंदी चुकवून बाहेरून माणसं आणली, रात्री जत्रेचं जेवण घातलं, त्या पंगतीतून साथ पसरली, थोरलाही त्यातच गेला, मग धाकटा स्वतः. नगराध्यक्षाचा हुकूम: थोरल्याला फुलांची गाडी आणि घाटावर विधी, धाकट्याला गावाबाहेर जेसीबीने खणलेला खड्डा, घरच्यांनी फिरकायचं नाही, बारा दिवस दारात पणती लावायची नाही. खड्डाही बुजवायचा नाही, उघडा ठेवायचा, गावाने बघावा म्हणून.

कुठलीही शोकांतिका घ्या, 'मेडिआ' घ्या, 'बाकाय' घ्या. आज तिच्यातली सक्ती कोण करू शकतो हे सापडेपर्यंत नेपथ्यवाल्याला फोन करू नका.

क्रेऑनला खरा करा

हौशी नाटकात क्रेऑन हमखास खलनायक होतो. आवाज चढलेला, भुवया वर, बोट रोखलेलं. असा क्रेऑन पहिल्या वाक्याला हरतो आणि मग तासभर करायला काही उरत नाही. पहिली वीस मिनिटं प्रेक्षक त्याच्या बाजूने पाहिजे. नेल्सन मंडेला रॉबेन बेटावर तुरुंगात असताना कैद्यांनी 'अँटिगनी' केलं, त्यात मंडेलांनी क्रेऑनचं काम केलं होतं. हे मी आमच्या क्रेऑनला पहिल्या वाचनाला सांगितलं. त्याचं बोट खाली आलं.

मुळात क्रेऑनचं पहिलं भाषण राज्य चालवणाऱ्याचं शहाणं भाषण आहे. शहर म्हणजे आपल्याला तारणारं जहाज, ते सरळ चाललं तरच मैत्री-बित्री जोडता येते, असं तो म्हणतो. आम्ही जहाजाची होडी केली. 'होडी उलटली तर नातं कुठं ठेवणार आहात?' 2019चा महापूर पाहिलेल्या गावाला होडी समजावून द्यावी लागत नाही. हे भाषण मी घरी सासूबाईंना वाचून दाखवलं, नाटकाचं आहे हे न सांगता. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, 'बरोबर बोलतोय की तो.' भाषण पास. तुम्हीही असंच करा; नाटकवाल्या मित्रांना वाचून दाखवू नका, ते आधीपासून अँटिगनीचे असतात.

दुसरी बारीक गोष्ट शेवटाकडची. टायरेसिअस घाबरवून जातो, क्रेऑन मोडतो, कोरसला, म्हणजे शहरातल्या म्हाताऱ्यांच्या गटाला, विचारतो, काय करू? कोरस सांगतो: जा, आधी गुहेत कोंडलेल्या पोरीला सोडव, मग प्रेताला माती दे. आणि क्रेऑन उलटं करतो. आधी प्रेताकडे जातो, विधी उरकतो, मग पोरीकडे. तोवर तिने गळफास घेतलेला. हे मूळ नाटकात निरोप्याच्या तोंडून येतं आणि वाचताना सहज निसटतं. आम्ही त्याला ठळक केलं. खड्डा बुजवून घेतो, मुकादमाची सही घेतो, तारीख घालतो, आणि मग पोरीला कोंडलेल्या शाळेकडे निघतो.

नाव नको, नातं

ग्रीक नावं मराठी तोंडात बसत नाहीत; टाकून दिलेल्या भावाचं नाव पॉलिनायसीझ, ते म्हणताना आमचा शिपाई झालेला नट दर वेळी एक अक्षर गिळायचा. म्हणून नावंच काढली. मग कोण कोणाला काय म्हणणार? पहिल्या खर्ड्यात अँटिगनी क्रेऑनला 'काका' म्हणत होती, कारण इंग्रजीत नुसतं 'अंकल' असतं आणि कोणी थांबून विचार केला नव्हता. क्रेऑन हा तिच्या आईचा भाऊ. म्हणजे मामा.

त्या एका शब्दाने सगळं बदललं. काकाशी आपल्याकडे वाटणीवरून भांडण होतं. मामा लाड करतो. आई-बाप गेलेल्या पोरीला मामा हुकूम वाचून दाखवतो, तेव्हा आवाज चढवावा लागत नाही. आणि मामा लग्नात काय करतो? मुलीला हाताला धरून बोहल्याकडे आणतो. मूळ नाटकात अँटिगनी मरायला जाताना थडग्यालाच आपली लग्नाची खोली म्हणते. आमच्याकडे गुहेच्या जागी विलगीकरणासाठी रिकामी केलेली शाळेची खोली होती, आणि तिथवर तिला शिपाई नेत नाही, मामा नेतो. हाताला धरून, एक पाऊल पुढे, मान खाली. कोणी काही बोलत नाही. प्रेक्षकांतल्या बायकांना तिसऱ्या पावलाला कळायचं. आमच्या अँटिगनीला मुंडावळ्या बांधायच्या होत्या. मी नको म्हटलं. हात पुरे होता.

एक गुंता मात्र झाला. तिचं लग्न ठरलंय ते हायमनशी, म्हणजे मामाच्या मुलाशी. आमच्याकडे मुलाला मामाची मुलगी करतात. मुलीला मामाचा मुलगा हे उलटं नातं बऱ्याच घरांत चालत नाही. तालमीत यावर एक अख्खी संध्याकाळ गेली, चहा दोनदा आला. शेवटी तेच कोरसच्या कुजबुजीत टाकलं: 'मामाने एवढं मोठं मन केलं, रीत मोडून सून करून घेणार होता.' मामाच्या पदरात आणखी एक चांगुलपणा पडला.

तिच्या तोंडचा एक उतारा लोकांना खटकतो: नवरा गेला तर दुसरा मिळेल, मूल गेलं तर दुसरं होईल, पण आई-बाप नसताना भाऊ कुठून येणार? तो मुळातला नसावा असं म्हणणारे अभ्यासक आहेत. पण ॲरिस्टॉटलने तो उद्धृत केलाय, म्हणजे जुना तर आहेच. आम्ही नवरा-मुलाचा हिशोब काढला आणि शेवट ठेवला: 'आई गेली, बाबा गेले. आता पाठचा भाऊ कुठून यायचा?' 'पाठचा' या शब्दातच सगळं आहे. मराठी हाताशी असताना भाषांतर कशाला करायचं?

कोरस

खरी दमछाक इथे. सोफोक्लीझचा कोरस पंधरा जणांचा: गातात, नाचतात, एकाच्या तोंडून पात्रांशी बोलतात. बोलणारे नट तीनच, सगळ्या भूमिका मुखवटे बदलून त्या तिघांत वाटलेल्या, बायकांच्यासुद्धा पुरुषच करणार. अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावरचं उघडं नाट्यगृह, दिवसाचा प्रयोग, दोन बाजूंनी यायच्या वाटा.

मराठी माणसाला कोरस म्हटलं की हात आपसूक लोककलेकडे जातो. गोंधळ, भजन, पोवाडा, नाहीतर 'घाशीराम'सारखी माणसांची भिंत. आमच्याही पहिल्या तालमीला टाळ आले होते. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. टाळ वाजला की मराठी प्रेक्षक निवांत होतो. आता देवाचं चाललंय, ऐकायचं, मान डोलवायची. कोरसने निवांत करायचं नसतं. त्याचं काम लोकांच्या वतीने घाबरायचं आहे. म्हातारी माणसं आहेत ती, सत्तेजवळ बसणारी, मनात एक आणि तोंडात एक. अशी माणसं आपल्याकडे कुठे बसतात? पारावर. रेशन दुकानाच्या पायरीवर. आम्ही सात म्हातारे पायरीवर बसवले. पंधरा जण आमच्याकडे नव्हते. असते तरी टेम्पोत मावले नसते.

आता मुखवटे. साथीचा काळ, म्हणजे प्रत्येकाच्या तोंडाला मास्क. ग्रीक मुखवटा आपोआप सापडला म्हणून मी दोन दिवस हवेत होते. मग शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. काही ऐकू येईना. ग्रीक मुखवट्याचं तोंड उघडं असतं, आमचं झाकलेलं. शब्दांचा नुसता भुगा होत होता. तोडगा म्हाताऱ्यांनीच काढला. खऱ्या पारावर लोक करायचे तेच: मास्क हनुवटीला. मामा येताना दिसला की सातही जण तो वर चढवतात. गेला की खाली. यासाठी संहितेत एक शब्द नाही, पण दुसऱ्या वेळेपासून प्रेक्षक मामाच्या आधी त्या हातांकडे बघायला लागले. चौथ्या वेळी, मामा रडत आत येतो तेव्हा, कोणीच मास्क वर घेत नाही.

सात माणसं एकत्र बोलवायची तर शब्द पाठ करून घेऊ नका, श्वास पाठ करून घ्या. आम्ही तीन आठवडे ओळी नुसत्या श्वासाने म्हटल्या: कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा. एका ओळीला सगळ्यांत म्हाताऱ्या नटाचा श्वास जितका, तितकीच ती लांब. त्याहून मोठी असली की ओळ तोडली. सगळं एकत्र म्हणायचं नाही. एकत्र बोलणं दर गाण्यात दोन-तीन ठिकाणीच, बाकी एकमेकांच्या तोंडातून वाक्यं काढून घ्यायची, म्हातारे घेतात तशी.

नाटकातलं दुसरं मोठं गाणं माणसावर आहे. माणूस समुद्र ओलांडतो, जमीन नांगरतो, पाखरं जाळ्यात धरतो, भाषा शिकतो, शहरं वसवतो, असाध्य रोगांवर इलाज काढतो. एका मरणावर तेवढा उपाय नाही. 2022 साली हे म्हणताना आमच्या सातांपैकी दोघांचा आवाज लागायचा नाही. या गाण्याच्या पहिल्या ओळीत माणसाला लावलेलं विशेषण आहे 'देइनॉस'. त्याचा अर्थ अद्भुतही आणि भयानकही. इंग्रजी भाषांतरकाराला दोन्हींतलं एक निवडावं लागतं. आम्हाला नाही लागलं. आपण 'भयंकर हुशार', 'भयंकर आवडलं' म्हणतोच की. 'भयंकर गोष्टी पुष्कळ आहेत जगात, पण माणसाएवढी भयंकर एक नाही.' पहिल्यांदा म्हातारा हे कौतुकाने म्हणतो, व्हेंटिलेटरबद्दल बोलताना. शेवटाकडे तेच वाक्य पुन्हा घातलं, ते आमच्या पदरचं.

हशा कुठे हवा

एक शिपाई आहे, प्रेतावर कोणी माती टाकली ही बातमी आणणारा. मी धावत आलो असं म्हणवत नाही, वाटेत कितीदा तरी मागे फिरलो, असं सुरू करतो. हे विनोदीच आहे, सोफोक्लीझनेच तसं लिहिलंय. भूमिका तुमच्या ग्रुपमधल्या सर्वांत हसवणाऱ्या नटाला द्या आणि हसू द्या लोकांना. इथे हसायला मिळालं नाही तर लोक पुढे नको तिथे हसतात. 2011ला तेच झालं.

हाच शिपाई दुसऱ्यांदा येतो तेव्हा अँटिगनीला पकडून आणतो आणि कसं पकडलं ते सांगतो. मातीचा थर झाडून प्रेत पुन्हा उघडं केलं, वास येऊ नये म्हणून वाऱ्याच्या उलट्या अंगाला टेकाडावर बसलो, ऐन दुपारी वावटळ आली, डोळे मिटले, उघडले तर ही समोर, रिकामं घरटं पाहिलेल्या पाखरासारखी ओरडत. नटाला हे पाठ्यपुस्तकातल्या कवितेसारखं म्हणू देऊ नका. आम्ही पंचनामा केला. मी हवालदार, तो साक्षीदार. तू कुठे बसला होतास? किती पावलांवर? डबा खाल्ला होता का? तिच्या पायात चप्पल होती का? दोन संध्याकाळी अशा गेल्या, मग त्याला मूळ ओळी दिल्या. चपलेचं उत्तर त्याने स्वतः घातलं: 'एकच होती साहेब.' ते ठेवलं.

मरणं दाखवू नका. एकही नाही. आमच्या पोरांना फास दाखवायचा होता, मागून निळा प्रकाश, सावली वगैरे. ग्रीकांकडे मरण आत घडतं आणि निरोप्या बाहेर येऊन सांगतो. त्यात शहाणपण आहे, कारण हौशी रंगमंचावरच्या दोरीकडे लोक फक्त 'हिला लागणार तर नाही ना' म्हणून बघतात. निरोप्याचं भाषण आमच्याकडे सहा मिनिटांचं होतं. ते ऐकायला मामी बाहेर येते, हातात देवाला न्यायचा तांब्या. मुलगा गेल्याचं ऐकते. एक शब्द न बोलता आत जाते. मूळ नाटकातही असंच आहे, आणि कोरस म्हणतो, एवढी शांतता जड वाटते. पावलं मोजा. आमच्याकडे चौदा होती. संगीत नको. आमच्या संगीतवाल्याला तिथे एक सूर धरायचा होता. त्याला तेवढा वेळ प्रेक्षागृहात बसवला.

हायमन बापाला समजावतो तो प्रवेश आधी लांब भाषणांचा, मग सवाल-जवाबाचा, एकेक ओळीचा. वेगात बसवा, मधे कोणी श्वास घ्यायचा नाही. त्यात तो बापाला म्हणतो, पुरात वाकणारी झाडं वाचतात, ताठ राहणारी मुळासकट जातात. 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती.' वाचताना अंगावर काटाच आला. पहिल्या प्रयोगाला पोराने पूर्ण ओळ म्हटली, टाळी पडली आणि भांडण थंड झालं. मग बदललं. 'बाबा, लव्हाळ्याकडे बघा' एवढंच. उरलेलं लोक मनात म्हणतात, आणि टाळी वाजवायला त्यांना जागा मिळत नाही.

टायरेसिअसची पाखरं आम्ही कावळा केली. मुळात तो सांगतो की पाखरं एकमेकांना फाडतायत, वेदीवर आहुती पेट घेत नाही. आमच्याकडे थोरल्याच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवलाय, आणि कावळा शिवत नाही. जुनी आंधळी सुईण मामाला येऊन सांगते, 'सकाळपासनं बसलोय. एक कावळा न्हाई.' ती भूमिका अँटिगनीचं काम करणाऱ्या मुलीनेच केली. अँटिगनी मरायला गेल्यावर एक गाणं आहे, ते आमचं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं. तेवढ्यात नऊवारी नेसून होते, दोघी मदतीला असल्या तर. ग्रीकांचे तीन नट आठवून केलेली काटकसर होती. पण मेलेली पोरगी म्हातारी होऊन परत आली असं काही जणांना वाटलं. मी नाही म्हटलं नाही.

बाकीचं भराभर

मध्यंतर नको. नाट्यगृहवाले कॅन्टीनपायी आग्रह धरतात, एका ठिकाणी तर न विचारता दिवे लावले. आधी लेखी द्या. नेपथ्य म्हणजे तीन पायऱ्या आणि एक दार, 11,400 रुपये. शेवटी मामा मुलाला स्ट्रेचरवरून आणतो (ग्रीकांचं असंच चाकावरचं लाकडी फळकूट असायचं, आत मेलेल्यांना बाहेर आणायला). चाक दोन लेव्हलच्या, म्हणजे लाकडी चौथऱ्यांच्या, फटीत अडकतं, आधी प्लाय टाका. प्रकाश पांढरा ठेवा. दिव्याला लावायचं लाल जेल घरी.

मातीचं मात्र नीट ऐका, कारण नाटकाचं नाव काहीही असो, लोक तीच बघायला बसतात. कृष्णाकाठची काळी माती प्रकाशात दिसतच नाही. तांबडी दिसते, पण साडीवरून निघत नाही. गव्हाचं पीठ सुंदर पडतं आणि पुढच्या प्रवेशाला सगळे घसरतात. आम्हाला लागला तो नदीचा वाळलेला गाळ, मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळलेला. मागून, उंचावरून एक दिवा, आणि मूठ खांद्याच्या रेषेत. मूठ एकदम उघडायची नाही. करंगळीपासून सोडत यायचं. चार सेकंद पडतो. प्रयोगानंतर ओल्या पोत्याने पुसून द्यायचं, नाहीतर नाट्यगृह पुढची तारीख देत नाही.

साताऱ्याच्या प्रयोगाला गाळ घरीच राहिला. दुसरी घंटा झाल्यावर कळलं. एक पोरगा धावत बाहेर जाऊन दारातल्या कुंडीतली माती घेऊन आला. नुकतंच पाणी घातलेली. अँटिगनीने करंगळी सोडली, काही पडेना. मग सगळी मूठ उघडली आणि गोळा थप्पकन फळीवर पडला. पहिल्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, 'पडली गं बाई.' कोणी हसलं नाही. तरीही त्या दिवसापासून गाळ लोणच्याच्या बरणीत, बरणी माझ्या पर्समध्ये, आणि पर्स तिसरी घंटा होईपर्यंत माझ्या खांद्याला.